प्लेटलेट पुरेशा, तरीही रक्तस्राव

प्लेटलेटची संख्या प्राकृत दिसली की आपण निश्चिंत होतो. १९२४ साली फिनलंडचे डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे ऑलंड बेटांवरील पाच वर्षांची बालिका आली. प्लेटलेट पुरेशा, रक्त गोठण्याचा काळही प्राकृत. रक्तस्राव मात्र थांबेना. कुळातील ६६ जणांपैकी २३ जण व्याधित आढळले, त्यांत स्त्रियाही होत्या. म्हणून हा हिमोफिलियाहून वेगळा विकार होय, असे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. बालिका पुढे तेराव्या वर्षी आर्तवस्रावानेच दगावली. प्लेटलेटना जखमेशी चिकटविणारे रक्तरसातील प्रथिन येथे उणे वा सदोष असते, हे नंतर उलगडले. सिरावेध वा जलौकावचारणापूर्वी कुळवृत्त, दात काढल्यावरचा रक्तस्राव आणि असृग्दर यांविषयी विचारलेच पाहिजे. ॲस्पिरिन चालू आहे काय, हेही. तेथेही संख्या प्राकृतच दिसते.