चढाईला कोणाला पाठवावे?

कबड्डी आपल्याला नवी नाही. जुनी माणसे तिला हुतूतू म्हणत. खळ्यात रेघ ओढली, दोन्ही बाजूंना गडी उभे राहिले, की खेळ सुरू. आता हाच खेळ मोठ्या शहरात गादीवर होतो आणि आपण तो घरी बसून टीव्हीवर पाहतो. पाहणारे वाढले, तसे भांडणारेही वाढले. असेच एक भांडण येथे सांगतो. ते आमच्या गावच्या पारावर झाले. आमचे गाव शहादे तालुक्यात आहे.

१ मार्च २०२४ ची रात्र. प्रो कबड्डीचा शेवटचा सामना हैदराबादला होता. एका बाजूला पुणेरी पलटण, दुसऱ्या बाजूला हरियाणा स्टीलर्स. गहू काढायचे दिवस होते, माणसे दमलेली होती. तरी गाव जागे राहिले. पुण्याने २८-२५ असा सामना जिंकला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये पुणे अगदी शेवटच्या सामन्यात जयपूरकडून हरले होते. त्यामुळे या वेळी आनंद मोठा होता.

दुसऱ्या दिवशी पारावर मंडळी जमली. वाटले, पेढे वाटतील. पण नाना तावातावाने बोलत होते. आमच्या गावचा संघ नानाच सांभाळतात.

"जिंकले, पण थोडक्यात जिंकले," नाना म्हणाले. "अस्लम इनामदार कप्तान. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पोरगा. साऱ्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्यालाच बक्षीस मिळालं. मग दर चढाईला त्यालाच का नाही धाडलं? घरात तलवार असताना विळ्यानं का लढायचं?"

एक तरुण म्हणाला, "नाना, जिंकलेल्याला कोणी शहाणपण शिकवतं का?"

मला हे उत्तर पटले नाही. जिंकला म्हणून प्रत्येक गोष्ट बरोबरच केली, असे होत नाही. मी म्हणालो, "जरा थांबा. आधी पेपर पाहू."

पेपर अप्पांच्या हातात होता. अप्पा पंचावन्न वर्षांचे. गेल्याच वर्षी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकले. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचले, "पं-कज मो-हि-ते. नऊ गुण."

"आणि अस्लम?" नानांनी विचारले.

"कमी हायेत," अप्पा म्हणाले.

पार गप्प झाला. पुण्याकडून सर्वांत जास्त गुण पंकज मोहितेने आणले होते. त्यातले चार तर एकाच चढाईत.

आता खेळाचा हिशेब नीट पाहू. मैदानात सात गडी असतात आणि बाहेर पाच राखीव असतात. चढाई तीस सेकंदांची. चढाई करणारा पकडला गेला, की तो बाहेर बसतो. आपल्या बाजूने समोरचा गडी बाद केला, तरच आपला गडी उठतो. म्हणजे तुमचा सर्वांत चांगला गडी पकडला गेला, तर तुम्ही एक गुण गमावता आणि तो परत येईपर्यंत त्याचा खेळही गमावता. सगळे गडी बाद झाले तर लोण चढतो. त्याचे दोन गुण जादा जातात.

दुसरी गोष्ट. दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो. नाही आणला, तर जाणारा बाद. अशा वेळी ताज्या दमाचा गडी लागतो. जो आधीच पाच वेळा जाऊन धापा टाकतो आहे, तो काय करणार?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समोरचे सात जण मातीचे नसतात. तुमचा गडी कोणत्या पायावर वळतो, हात कोठून टाकतो, हे ते पाहत असतात. एकच माणूस पुनःपुन्हा आला, तर त्यांचा अभ्यास सोपा होतो. पुण्याकडे अस्लम होता, मोहित गोयत होता, पंकज होता. आता कोण येणार, हे हरियाणाला आधी कळत नव्हते.

पुण्याच्या संघाला बी. सी. रमेश शिकवत होते. ते कर्नाटकचे, स्वतः जुने खेळाडू. २०१९ मध्ये बंगालचा संघ जिंकला, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. त्यांच्याकडे पकडीलाही कमी नव्हती. इराणचा शादलुई त्या संघात होता. गंमत पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझो येथे आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण शेवटच्या सामन्यात भिडले. भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक घेतले. तेव्हा अस्लम भारताकडे आणि शादलुई इराणकडे होता. दोनच महिन्यांनी दोघे पुण्यासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

नानांनी सर्व ऐकले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं. पण ते पैसेवाले. देशातून, परदेशातून गडी आणतात. आपल्या गावात चढाईवाला एकच. दुसरा आणू कुठून?"

नानांचा हा प्रश्न खरा होता. पण त्यावर मला माझी एक चूक सांगावी लागली.

तीस वर्षांपूर्वी मी शाळेचा संघ घेऊन तालुक्याच्या सामन्यांना गेलो होतो. एक मुलगा हरणासारखा चपळ होता. मी त्यालाच पाठवत राहिलो. पाच मुले बाहेर बसून होती. त्यांच्याकडे मी पाहिलेही नाही. मध्यंतरानंतर समोरच्यांनी त्याची चाल ओळखली. दोघांनी घोटा धरला, तिसरा वरून पडला. गुडघा पिरगळला. सामना गेला, आणि पोराचा खेळही गेला.

तो मुलगा आता मोठा बाप्या झाला आहे. त्या दिवशी तो पारावरच बसला होता. थंडीत त्याचा गुडघा अजून दुखतो. ट्रॅक्टरवर चढताना तो आधी हाताने पाय उचलून ठेवतो. मी त्याच्याकडे पाहून म्हणालो, "माझं चुकलं होतं."

तो म्हणाला, "गुरुजी, मीच जातो जातो म्हणत होतो. पण मी पोर होतो. तुम्ही नाही म्हणायला पाहिजे होतं."

यावर मी काय बोलणार?

वाद तेथे मिटला, असे समजू नका. पुढच्या हंगामात, २०२४ च्या अखेरीस, अस्लमला दुखापत झाली. तो बराच काळ बाहेर राहिला. पुणे पहिल्या सहातही आले नाही. शादलुई तोवर हरियाणाकडे गेला होता, आणि २९ डिसेंबरला हरियाणाच जिंकले. नाना पेपर घेऊन माझ्या ओट्यावर आले. "पाहा गुरुजी! एक मोहरा गेला, अन् डाव बसला. मग माझं काय चुकलं?"

नानांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मोहरा तो मोहराच. दुसरे गडी असले, म्हणून त्याची जागा आपोआप भरत नाही.

तेवढ्यात तो दुखऱ्या गुडघ्याचा गडी आला. त्याचा मुलगा आज आमच्या गावच्या संघात चढाई करतो. नाना ज्याला "आपला एकच" म्हणतात, तो हाच. तो म्हणाला, "नाना, पुढच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत माझ्या पोराला दर दुसऱ्या चढाईला थांबवा. दुसऱ्या पोरांना जाऊ द्या."

"अन् हरलो तर?"

"हरू. पण ती पोरं शिकतील."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अप्पांना हाक मारली आणि कागद मागवला. अप्पांनी बारा नावे लिहिली. चढाईला जाऊ शकतील अशी तीन नावे निघाली. चौथ्या नावावर मात्र अजून वाद चालू आहे.