दुर्गा टेकडीची पायवाट, डेस्क कॅलेंडर आणि माझा साडेचार हजारांचा तोटा

या आठवड्याच्या व्हिडिओत झाडीतल्या पायवाटेचे फोटो मोबाईलवर कसे काढायचे ते दाखवलं. पैशांचा भाग त्यात बसला नाही. तो इथे लिहिते, कारण खरा धडा तिथेच आहे. आणि तो मी स्वतःच्या खिशातून फी भरून शिकलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझं निगडीत फ्रेमिंग आणि प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. सासूबाईंना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून मी त्यांना दुर्गा टेकडीवर घेऊन जायला लागले. त्या मैत्रिणींबरोबर पुढे जायच्या आणि मी मागे फोटो काढत बसायचे. धंद्याचा विचार तेव्हा डोक्यात नव्हताच.

त्याच वर्षी चाकणच्या एका वर्कशॉपची दीडशे डेस्क कॅलेंडरची ऑर्डर मिळाली होती. मी इंटरनेटवरून विकत घेतलेले फोटो टाकले. पाईनची जंगलं, बर्फाचे डोंगर, मधून जाणारी सुंदर वाट. मालकांनी नमुना हातात घेतला, चार पानं उलटली, "छान आहे" म्हणाले आणि लगेच भावावर आले. पीसमागे वीस रुपये पाडले. पुढच्या वर्षी मी त्याच माणसासमोर टेकडीवरचे फोटो ठेवले. तिसऱ्या पानावर ते थांबले. "अहो, हे आपल्या दुर्गा टेकडीवरचं वळण ना? मी रोज इथून जातो." मग त्यांनी केबिनमधून दोघांना बोलावून दाखवलं. त्या दिवशी भावाचा विषय निघालाच नाही.

तुम्ही धंदा सुरू करणार असाल तर हा प्रसंग नीट लक्षात घ्या. पाईनचा फोटो माझ्या फोटोपेक्षा शंभरपट सरस होता. पण तो जगातला कुणीही पाचशे रुपयांत विकू शकतो. माझ्या वळणाचा फोटो ज्याला त्या वळणाची ओळख आहे त्यालाच हवा, आणि अशी माणसं आपल्या पट्ट्यात भरपूर आहेत. आकुर्डी, भोसरी, तळवडे, चाकण... कारखान्यात दिवस घालवणाऱ्या माणसाला सकाळचा तो एक तास किती जवळचा असतो, ते टेकडीवर भेटणाऱ्या कुणालाही विचारा.

आता जागा. आपल्याकडे पर्याय कमी नाहीत. निगडीची दुर्गा टेकडी महापालिकेची, रुळलेल्या वाटांची, सुरुवातीसाठी उत्तम. जुन्या पुणे-मुंबई महामार्गालगत घोराडेश्वर, तिथे पायऱ्या आणि वर कोरीव लेणी. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीजवळ भंडारा डोंगर आणि चाकणच्या बाजूला भामचंद्र, दोन्ही तुकोबांच्या एकांताच्या जागा. चाकणमधल्या गिऱ्हाइकाला भामचंद्रचा फोटो दाखवला की वेगळं काही बोलावं लागत नाही. पण सगळीकडे धावू नका. माझा सल्ला आहे, पहिल्या वर्षी एकच टेकडी पकडा. मी पहिले सहा महिने पाच ठिकाणी फिरले आणि हाती एकाही ठिकाणचं वर्ष लागलं नाही.

"वर्ष" हा शब्द मुद्दाम वापरला. कॅलेंडरला बारा महिने लागतात आणि जुलैचं धुकं ऑक्टोबरमध्ये मिळत नाही. फेब्रुवारीत पळस आणि काटेसावर, त्याच सुमाराला गिरिपुष्पाची गुलाबी फुलं, एप्रिल-मेमध्ये बहावा, मग पहिला पाऊस, सप्टेंबरमध्ये उतारावर तेरडा आणि सोनकी, नोव्हेंबरमध्ये वाळून सोनेरी झालेलं गवत. कंपन्या नव्या वर्षाच्या भेटवस्तूंचा विचार दसऱ्याच्या आसपास करतात. म्हणजे तेव्हा तुमचे बाराही फोटो तयार हवेत. म्हणजेच आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून सुरुवात हवी. ज्यांना पुढच्या महिन्यात कमाई हवी आहे, त्यांनी हा धंदा धरू नये, हे स्पष्टच सांगते.

(गिरिपुष्प आपलं झाड नाही बरं का. मध्य अमेरिकेतून आलेलं, वनीकरणात लावलेलं. उंदीरमारी म्हणतात त्यालाच. पण फुललं की फोटोत दिसतं झकास.)

फोटो काढण्याचं थोडक्यात सांगते, बाकी व्हिडिओत बघा. झाडीतला मोठा शत्रू म्हणजे साडेनऊचं ऊन. पानांतून उन्हाचे पांढरे ठिपके पडतात आणि सगळा फोटो चट्टेरी दिसतो. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास किंवा ढगाळ दिवस निवडा. आपल्याकडे मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात, त्याप्रमाणे निघा. लेन्स रुमालाने पुसा, यात लाजण्यासारखं काही नाही, माझे निम्मे धुरकट फोटो बोटांच्या डागांमुळे होते. उजेडाच्या भागावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेड थोडा खाली आणा. वाइड लेन्सने कडेची झाडं वाकडी होतात, म्हणून साध्या एक एक्सवरच ठेवा. आणि वाट फोटोच्या एका कोपऱ्यातून आत शिरू द्या, म्हणजे बघणाऱ्याला तिच्यावरून चालत गेल्यासारखं वाटतं.

आता तोट्याकडे येते.

टेकडीच्या फोटोंची ती पहिली ऑर्डर पुन्हा दीडशेची होती, १८० रुपये पीसने. छपाईचा खर्च पीसमागे १०५ रुपये. हिशोब सोपा होता, ११,२५० रुपये शिल्लक. छापून आलं आणि गठ्ठा उघडताच पोटात गोळा आला. जुलै-ऑगस्टची पोपटी हिरवी पानं शेवाळासारखी काळपट उतरली होती. प्रेसवाल्याशी वाद घातला, पण चूक माझीच होती. मोबाईलची स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, आरजीबीमध्ये. छपाई शाईची, सीएमवायकेमध्ये. पावसाळ्यातला तो झगझगीत हिरवा शाईत बसतच नाही. प्रिंटिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईला हे माहीत हवं होतं. माहीतही होतं, पण लग्नपत्रिकांमध्ये हिरवा रंग कोण बघतो! माझ्या दुकानातलं आजवरचं काम लाल-सोनेरीचं.

दीडशे परत छापले. दोनदा छपाई ३१,५०० रुपये, विक्री २७,००० रुपये. तोटा साडेचार हजार. मिस्टर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम असा, की ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर आधी एक नमुना काढायचा आणि तो दिवसाच्या उजेडात बघायचा. मॅट कागद शाई पितो, रंग आणखी बसतो. हिरव्याचा भडकपणा फाईलमध्येच कमी करून घ्यायचा, म्हणजे छापून आल्यावर धक्का बसत नाही. आकाराचंही गणित करा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४०००×३००० ठिपके. आठ बाय सहा इंचाच्या डेस्क कॅलेंडरला ३०० डीपीआयने २४००×१८०० पुरतात, त्यामुळे आरामात होतं. १२ बाय १८ इंचाच्या फ्रेमला तेवढ्याच बारकाईसाठी ५४००×३६०० लागतात, तिथे ताण येतो. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल छापायला देऊ नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

डेस्क कॅलेंडरच का, भिंतीवरचं का नाही, असं एका ताईंनी क्लासमध्ये विचारलं होतं. मराठी घराच्या भिंतीवर १९७३ पासून कालनिर्णय बसलंय. तिथे मी काय करणार? तिथी, एकादशी, पाठीमागची पाककृती, हे सगळं त्यात आहे. ऑफिसच्या टेबलावर मात्र जागा रिकामी असते आणि तिथे कंपनीचं नाव वर्षभर समोर राहतं. स्पर्धा कुठे करायची नाही हे आधी ठरवा.

आणखी एक चूक, छोटी पण लाज आणणारी. मार्चच्या पानावर मी "पळस" छापलं. खेड तालुक्यातल्या एका गावातले सुपरवायझर काका बघून म्हणाले, "पोरी, हा पांगारा आहे. फांदीवर काटे दिसतायत की." पानं दोघांचीही तीन-तीन, म्हणून फसले. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात. ओळखीच्या जागेचा फोटो विकताना हा धोका असतोच. गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा जास्त जाणतं. आता नावं छापण्याआधी मी काकांनाच फोटो पाठवते.

परवानगीचं. स्वतःसाठी मोबाईलवर फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, रिफ्लेक्टर, चार माणसं घेऊन शूटिंग करणं वेगळं. एका बागेत मी ओळखीच्या कुटुंबाचं शूट विचारपूस न करता घेतलं आणि वॉचमनने सगळ्यांसमोर बाहेर काढलं. गिऱ्हाइकाच्या पोरांसमोर! महापालिकेच्या जागेत पैसे घेऊन काम करायचं असेल तर उद्यान विभागाला आधी विचारा, डोंगरावर जागा वनखात्याची असेल तर त्यांना. देहूरोड हा लष्कराचा भाग आहे, त्यामुळे निगडीच्या पुढे फोटो काढताना कुंपण आणि पाट्या बघून वागा. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम आणि डिजिटल स्काय वरचा नकाशा बघितल्याशिवाय नाही. मी तर त्या वाटेला जातच नाही.

आणि एक कायदेशीर मुद्दा, जो आमच्या बीबीएतही कुणी शिकवला नव्हता. तुम्ही आपल्या मर्जीने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा. पण कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे पहिला मालक तो ग्राहक ठरतो. म्हणून कंपनीला मी कॅलेंडर विकते, फोटो नाही. बिलावर तसं एक वाक्य लिहिते. तेच फोटो मग फ्रेम करून दुकानातही विकता येतात.

गेल्या वर्षाचा हिशोब उघड करते. तीन ठिकाणी मिळून ४०० कॅलेंडर, भाव १८०, खर्च संख्या वाढल्यामुळे ८८ वर आला. उरले ३६,८०० रुपये. ऐकायला छान वाटतं. पण २२ सकाळी, दोन-दोन तास, म्हणजे ४४ तास. एडिटिंग, नमुने, गाठीभेटी आणखी ३० तास. ७४ तासांचे ताशी पाचशेच्या आत येतात, तेही पेट्रोल न धरता, आणि सगळे पैसे डिसेंबरमध्ये एकदम. त्यामुळे नोकरी सोडून यात उडी मारू नका. ज्याचं आधीच दुकान, स्टुडिओ किंवा गिफ्टिंगचं काम आहे त्याच्यासाठी हा जोडधंदा आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून ठेवा. कंपनीच्या परचेसवाल्याला कागद दाखवता येतो.

या वेळचा गृहपाठ. आपल्या भागात बऱ्याच शेडना गुरुवारी सुट्टी असते, रविवारइतकी गर्दीही नसते. येत्या गुरुवारी तुमच्या जवळच्या टेकडीवर जा आणि एकच वळण निवडा. तिथल्या दगडाजवळ किंवा झाडाजवळ उभं राहून तोच फोटो चार गुरुवार काढा. मग चारही फोटो तिथे रोज चालणाऱ्या एखाद्या अनोळखी काकांना किंवा ताईंना दाखवा आणि आपण गप्प राहा. ते कुठल्या फोटोवर थांबतात, काय बोलतात, ते वहीत लिहून ठेवा.

माझे पुढच्या वर्षाचे अकरा फोटो झालेत. बहावा राहिलाय. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा फुलं होती, पण पोहोचायला पावणेदहा झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून मी उठवते तुला."