जनावराच्या अंगावरील चरबी आणि माज

व्याल्यानंतर चार-चार महिने लोटले तरी गाय माजावर येत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. गाय वांझ झाली असे समजून पुष्कळ पशुपालक तिला बाजार दाखवितात. वस्तुतः अशा अनेक गायींचे गर्भाशय निरोगी असते. उणीव असते ती अंगावरील चरबीची.

माज कसा येतो?

माजाची लक्षणे इस्ट्रोजेन नावाच्या अंतःस्रावामुळे दिसतात. अंडाशयातील वाढत्या बीजकोशात हा स्राव तयार होतो. तो पुरेसा झाला म्हणजे गाय हंबरते, अस्वस्थ होते, काचेसारखा स्वच्छ बळस टाकते व दुसऱ्या जनावरास अंगावर चढू देते.

बीजकोश वाढण्यास मेंदूचा हुकूम लागतो आणि तो देण्यापूर्वी मेंदू जणू शरीरातील शिल्लक तपासतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. याचा शोध १९९४ साली लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते. त्यातच आहार अपुरा असल्यास मेंदूकडून निघणारे संदेश मंदावतात, बीजकोश पक्व होत नाही आणि इस्ट्रोजेन कमी पडते. मग माज येतच नाही, अगर आला तरी लक्षणे ओळखू येत नाहीत.

व्याल्यानंतरची तूट

व्याल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, पण गायीची भूक तितक्या लवकर वाढत नाही. ही तूट ती अंगावरील चरबी वितळवून भरून काढते. शिल्लक थोडी असेल तर गाय लवकरच खंगते व माज लांबतो.

तथापि गाय अतिशय लठ्ठ करणेही हिताचे नाही. लठ्ठ गायीस व्याण्यास त्रास होतो व व्याल्यावर ती चारा कमी खाते. तिची चरबी एकदम वितळून यकृतात साठते आणि तीही उशिरा माजावर येते.

हाताने परीक्षा

गायीच्या बरगड्या, कमरेची हाडे व शेपटीचे मूळ हाताने चाचपून १ ते ५ गुण द्यावेत. हाडे वर आलेली व शेपटीच्या मुळाशी खोल खळगा असल्यास १ गुण. हाडे चरबीत बुडाली असल्यास ५ गुण. व्याण्याच्या वेळी ३ ते ३.५ गुण असावेत. व्याल्यानंतर एका गुणापेक्षा अधिक घट होऊ देऊ नये.

काय करावे?

१. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दूध काढणे बंद ठेवावे. या काळात रोडावलेल्या जनावरास रोज १ ते १.५ किलो जादा खुराक द्यावा.

२. व्याल्यावर खुराक हळूहळू वाढवावा. शरीरपोषणाच्या खुराकाखेरीज गायीस दर २.५ लिटर व म्हशीस दर २ लिटर दुधामागे सुमारे १ किलो खुराक द्यावा.

३. नुसत्या कडब्यावर भागवू नये. हिरवा चारा व खनिज मिश्रण द्यावे.

४. माजाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी व २१ दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवावे. म्हशींत, विशेषतः उन्हाळ्यात, मुका माज आढळतो. म्हणून पहाटे व रात्री गोठ्यात फेरी मारावी.

५. व्याल्यापासून दोन महिन्यांत माज न दिसल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, कारण गर्भाशयाचे रोगही असू शकतात.

रोडावलेल्या गायीस माजाचे इंजेक्शन देऊन पुष्कळदा पैसा वाया जातो. इंजेक्शन हे आहाराची जागा घेऊ शकत नाही. एक माज हुकला म्हणजे २१ दिवसांचा चारा व्यर्थ जातो. म्हणून गावातील कार्यकर्त्यांनी गाय विकावयास निघालेल्या पशुपालकास प्रथम तिच्या बरगड्या चाचपून पाहण्यास सांगावे. गाय वांझ आहे की केवळ उपाशी आहे, याचा उलगडा बहुधा तेथेच होईल.