दोष प्रोसेसरचा की आपला?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी बासरला मामांकडे गेलो होतो. गोदावरीकाठचे हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. मुलांच्या अक्षराभ्यासासाठी लोक दूरदूरहून येथील ज्ञानसरस्वतीच्या देवळात येतात. माझ्याही वाट्याला तेथे एक छोटासा अभ्यास आला. तो विद्यार्थीमित्रांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

माझ्या मामेभावाने शिष्यवृत्तीचे पैसे आणि मामींनी भिशीतून दिलेली रक्कम एकत्र करून संगणकाचे सुटे भाग आणले व घरीच जोडले. खेळांची हौस तर होतीच. पण कॉलेजचे प्रोजेक्टही यावरच करीन, असा शब्द त्याने मामांना दिला होता. हिवाळ्यात जोडलेला संगणक तेव्हा बरा चालला. मे महिन्यात मात्र खेळ अडखळू लागले. “दादा, दुकानदारानं जुना प्रोसेसर माझ्या गळ्यात मारला,” तो मला म्हणाला. दुकानदाराला फोनवर चार कठोर शब्द सुनावून झाले होते, आणि सोमवारी तो भांडायला शहरात जाणार होता. मामांचे निदान निराळेच होते. “अरे, आपल्याकडे करंटच कमी येतो. पंखा बघ कसा रेंगाळतो!”

मी म्हटले, आधी मोजू, मग भांडू.

प्रोसेसर ए.एम.डी.चा रायझन ५ ५६०० होता. त्यात सहा कोअर असतात. मूळ गती ३.५ गिगाहर्ट्झ, तर परिस्थिती अनुकूल असता कमाल ४.४ गिगाहर्ट्झ. टास्क मॅनेजरमध्ये नाव आणि कोअरची संख्या बरोबर दिसली. म्हणजे दुसराच माल दिला, ही शंका फिटली.

पुढचा प्रश्न असा, की अडते कोण, प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड? याची परीक्षा सोपी आहे. खेळातील चित्राचा आकार १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावा. दर सेकंदाच्या चित्रांची संख्या भराभर वाढली, तर ओझे ग्राफिक्स कार्डावर होते असे समजावे. आमच्याकडे ती जवळपास तेवढीच राहिली. अर्थात अडत होते ते प्रोसेसरच्या बाजूलाच.

मामांची शंकाही तपासण्यासारखी होती. छताचा पंखा व्होल्टेज उतरले की मंदावतो, हे खरे. परंतु संगणकाचा पॉवर सप्लाय आत येणारे व्होल्टेज थोडेफार खालीवर झाले तरी बाहेर १२ व्होल्टच देतो. ते फारच उतरले तर संगणक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. हळू चालत नाही.

मग झाकण उघडले. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी, पहिल्या व दुसऱ्या खाचेत होत्या. चार खाचांच्या मदरबोर्डवर त्या बहुधा दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, म्हणजे दोन्ही वाटा वापरात येतात. शिवाय पट्ट्यांवर ३२०० लिहिलेले असूनही त्या २४०० वर चालत होत्या, कारण बायोसमधील एक्स.एम.पी. सुरू केलेले नव्हते. हिशेब पाहा. एक वाट एका वेळी ८ बाइट नेते. २४०० दशलक्ष गुणिले ८, म्हणजे सेकंदाला १९.२ गिगाबाइट. दोन वाटा आणि ३२०० धरल्यास तेच ५१.२ होतात. प्रोसेसर कामाला तयार, पण माहितीची वाट पाहत बसलेला!

तेवढे सुधारल्यावर खेळ सुधारला, परंतु दहा मिनिटांनी पुन्हा अडखळला. तपमान पाहिले, तर ९० अंश सेल्सिअस. ही या प्रोसेसरची मर्यादा. तेथे पोहोचताच तो स्वतःच्या रक्षणासाठी गती उतरवतो. भावाला विचारले, तेव्हा त्याने कबूल केले, की पंखा तिरका बसला म्हणून एकदा काढला आणि जुन्याच पेस्टवर पुन्हा बसवला होता. अशा वेळी पेस्टमध्ये हवेचे कप्पे राहतात आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट अरुंद होते.

मग हिवाळ्यात कसे चालले? समजा, ठराविक कामाला प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापतो. खोली २५ अंशांवर असली तर तो ७५ वर राहील; खोली ४० वर गेली की थेट ९० वर. दोष तोच, पण तो उघडा पाडला वैशाखाने.

आम्ही जुनी पेस्ट पुसून नवी लावली, चारही स्क्रू कोनाकोनाने थोडेथोडे आवळले आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. त्यानंतर तासभर खेळूनही तपमान ८० च्या आतच राहिले आणि गती ४ गिगाहर्ट्झच्या खाली आली नाही.

या कामात एक नियम आम्ही पाळला. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलाआधी व नंतर आकडे वहीत लिहायचे. सारे एकदम बदलले असते, तर संगणक सुधारला असता. पण कशाने, ते कळले नसते.

सोमवारी मामेभाऊ शहरात गेला नाही. त्याने फोन उचलला आणि दुकानदाराची माफी मागितली. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, पण फोन ठेवताना त्याचे कान लाल झाले होते. मामा वही चाळत होते. ते एवढेच म्हणाले, “हे आकडे आधीच लिहिले असतेस, तर फोन एकदाच करावा लागला असता.”