रिमोट हातातून सुटल्यावर

हॉरर गेमवर सिनेमा निघतोय अशी बातमी आली की आमच्या भंडाऱ्यातल्या पोरांचा पहिला सवाल ठरलेला: ‘सेम टू सेम आहे का बे?’ मग ट्रेलर थांबवून-थांबवून नायकाचं जॅकेट, दवाखान्याची पाटी, राक्षसाचं डोकं, सगळं ताडून बघायचं. माझं म्हणणं, हा सवालच बाजूला ठेवा. सेम असूनही पार फुसके निघालेले सिनेमे मी पाहिलेत, आणि निम्मंअधिक बदलूनही रात्री उठून दाराची कडी तपासायला लावणारेही.

भेव येतं कुठून, ते आधी बघू. 2005 च्या आसपास गावात तासावर पैसे घेणारी प्लेस्टेशनची पार्लरं होती. बहुतेक गिऱ्हाईक कुस्ती नाहीतर फुटबॉल खेळायला यायचं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर आम्ही दोघं-तिघं ‘रेसिडेंट इव्हिल’ लावून बसायचो. कॅपकॉमचा हा गेम 1996 चा. त्यात मनात येईल तिथं सेव्ह करता येत नाही. टाइपरायटर सापडावा लागतो, जवळ शाईची रिबन असावी लागते, आणि रिबनी मोजक्याच. त्यात ते दिवस भारनियमनाचे. लाइट जायची वेळ झालेली, रिबन एकच उरलेली, समोर बंद दार. दार उघडताना बाकी सगळं काळं होतं आणि ते दार तेवढं संथपणे आत सरकताना दिसतं. खरं तर पुढची खोली डिस्कवरून वाचून होईतो वेळ काढायची ती युक्ती होती. पण आमचे तळहात घामेजायचे, कारण दार आम्हीच उघडलेलं असायचं. सिनेमात ते नायिका उघडते. आपण फार तर ‘नको जाऊ ना बाई’ म्हणायचं.

कोनामीच्या 2001 सालच्या ‘सायलेंट हिल 2’ नं ही गोष्ट पार टोकाला नेली. मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून जेम्स संडरलंड धुक्यातल्या गावात तिला शोधायला येतो. गेमचे शेवट अनेक आहेत, आणि तुम्हाला कुठला मिळणार हे तुमच्या वागण्यावरून ठरतं. अँजेला नावाच्या मुलीचा सुरा जेम्सजवळ येतो. तो सुरा तुम्ही पुन्हा पुन्हा काढून न्याहाळलात, जखमी असूनही औषध न घेता तसेच हिंडत राहिलात, तर गेम गुपचूप नोंद घेतो की या माणसाला जगण्यात रस उरलेला नाही. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. थेट शेवटीच कळतं. सिनेमानं हे करावं कसं? खुर्चीतला माणूस सुऱ्याकडे बघतोय की मक्याच्या लाह्यांकडे, पडद्याला काय पत्ता!

म्हणून दिग्दर्शकाला बदलण्यावाचून पर्यायच नसतो. रिमोट काढून घेतला, त्याच्या बदल्यात काय दिलं, एवढंच त्याला विचारायचं.

क्रिस्तोफ गान्सच्या 2006 सालच्या ‘सायलेंट हिल’मध्ये बदल्यात काही देणं आणि काहीच न देणं, दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी बघायला मिळतात. पहिल्या गेममध्ये हॅरी मेसन हा बाप हरवलेली मुलगी शोधतो. सिनेमात त्याच्या जागी रोझ ही आई आली. चाहत्यांनी बोंब ठोकली. मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे मंडईच्या जत्रेला झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, त्यात कंपनी कुठं काय घुसडेल याचा नेम नसतो, पण पब्लिक पहाटेपर्यंत हलत नाही. गान्सनं अकिरा यामाओकाचं गेममधलं संगीत ठेवलं, भोंगा ठेवला, भोंग्यानंतर भिंतींचे पापुद्रे सुटतात तेही ठेवलं. आणि एक गोष्ट फार अकलेनं बदलली. गेममधलं दाट धुकं मुळात अडचणीपोटी आलेलं, कारण त्या वेळच्या प्लेस्टेशनला लांबवरचं चित्र पेलत नव्हतं. सिनेमाला असली काही अडचण नाही. तिथं धुक्यासोबत आकाशातून राख पडते, कारण गावाखालच्या कोळशाला आग लागलीय. हे पटकथाकार रॉजर एव्हरीनं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या सेंट्रेलिया गावावरून उचललं. तिथली खाण 1962 पासून जमिनीखाली धुमसतेय आणि गाव जवळजवळ रिकामं झालंय. आमच्या तुमसर तालुक्यात चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे. पायाखाली पोकळी असलेल्या गावाचं भेव तिकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता दुसरी बाजू. डोक्यावर लोखंडी त्रिकोण चढवलेला पिरॅमिड हेड हा दुसऱ्या गेममधला, जेम्सच्या अपराधी मनातून उभा राहिलेला. 2006 च्या सिनेमात जेम्सच नाही, तरी हा हजर. का, तर चाहत्यांना आवडतो. दिसतो भारी, पण त्याला कुणाचंच पाप चिकटलेलं नाही, त्यामुळे उरतो तो नुसता पहिलवान. शेवटाकडे तर एक पात्र सगळी पूर्वकथा पाठ म्हटल्यासारखी सांगून टाकतं. घरी हा सिनेमा लावला तेव्हा भाची म्हणाली, ‘मामाजी, हे तं सगळं समजावूनच सांगून राह्यले, मंग भेव कायचं?’ तिनं गेम खेळला नव्हता. न खेळलेलं एखादं माणूस शेजारी बसवून सिनेमा बघा, हा माझा पहिला सल्ला. आपण पडद्यावर ओळखीच्या खुणा शोधत असतो. ते माणूस सिनेमा बघत असतं.

‘रेसिडेंट इव्हिल’चंही तेच. पॉल अँडरसननं 2002 मध्ये अॅलिस ही नायिका आणली, जी कुठल्याच गेममध्ये नव्हती. शिव्या भरपूर खाल्ल्या. पण लेझर किरणांनी माणसं कापणारा तो बोळ असा जमला, की 2005 च्या ‘रेसिडेंट इव्हिल 4’ या गेममध्येच तसला बोळ आला. 2021 च्या ‘वेलकम टू रॅकून सिटी’नं उलटं केलं. पहिल्या गेमची हवेली, दुसऱ्याचं पोलीस ठाणं, कपडेसुद्धा ओळखीचे, दोन गेमांची कथा एका रात्रीत कोंबलेली. ताडून बघणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील. घाबरलो मात्र कुठंच नाही.

या सगळ्यापेक्षा चांगला धडा आमच्या जंगलात आहे. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की 1993 मध्ये नागझिऱ्याच्या मुक्कामात एका मित्रानं त्यांना एक गोष्ट सांगितली आणि ते हादरून गेले. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला, म्हणजे तेव्हाचा नागझिरा भंडारा जिल्ह्यातलाच. आत वीज नाही ही त्या जंगलाची जुनी ओळख. गोष्ट ऐकायला याहून बरी जागा कुठली? ती गोष्ट होती नारायण धारपांची ‘आजी’, आणि धारपांनी ती बेतली होती स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून. म्हणजे अमेरिकेतून मराठीत, छापलेल्या पानावरून मित्राच्या तोंडी, तिथून हिंदी पडद्यावर. नाव आणखी तिसरीकडचं, श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारं.

इतक्या हातांतून जाऊन उरलं काय? घरातली ती भयंकर म्हातारी आणि तिच्याजवळ एकटं राहायची पाळी आलेलं पोरगं. बाकी वाडा, पाऊस, सोन्याची हाव, हस्तर हा शापित देव आणि त्याच्यासाठी कणकेची बाहुली घेऊन खाली उतरणारा नायक विनायक, हे सगळं नव्यानं बांधलेलं. 2018 मध्ये आलेला हा सिनेमा सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. हा गेमवरचा सिनेमा नव्हे, मान्य. पण गेमवर सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाला मी तो आधी दाखवीन.

आई-बापांसाठी थोडं वेगळं. ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’मधली अस्वल-ससे बघून लहान पोरं हट्ट धरतात. स्कॉट कॉथनचा 2014 चा हा गेम म्हणजे एका खोलीत बसून कॅमेरे बघायचे, दारं लावायची आणि संपत चाललेली वीज पुरवायची. 2023 च्या सिनेमात बाहुले जिम हेन्सनच्या कारखान्यात खरोखर बनवलेले आहेत. दिसायला खेळणी असली तरी धाकट्यांसाठी ती नाहीत. सिनेमाचं प्रमाणपत्र आणि गेमच्या डब्यावरचा वयाचा आकडा दोन्ही वेगवेगळे वाचा; एकावरून दुसऱ्याचा अंदाज चुकतो. आणि असला सिनेमा मोबाइलवर, बसमध्ये, अर्धा आवाज करून बघू नका. पहिल्या ‘सायलेंट हिल’मध्ये राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो. अर्धं भेव कानातून येतं.

राहिला क्रम, आधी गेम की आधी सिनेमा. गान्स 2026 मध्ये ‘रिटर्न टू सायलेंट हिल’ घेऊन परत आला, आणि या वेळी कथा जेम्सचीच आहे. गेम खेळला नसेल तर सिनेमा थोडा लांबवा. ब्लूबर टीमनं 2024 मध्ये ‘सायलेंट हिल 2’ नव्यानं केलाय. आधी तो पुरा करा, यूट्यूबवर दुसऱ्यानं खेळलेला बघून नव्हे, स्वतःच्या हातानं. बायकोच्या त्या पत्रामागं काय आहे ते इथं लिहीत नाही. भाचीचा गेम अजून हॉटेलपर्यंतच आलाय आणि हा मजकूर ती वाचणार आहे.