‘कास्ट’ : एक उच्चार, दोन शब्द

देवनागरीत ‘कास्ट’ असे लिहिले की दोन निराळे इंग्रजी शब्द सारखेच दिसतात. चित्रपटातील कलावंतांचा संच, ओतीव लोखंड, मतदान करणे, मोडलेल्या हाताचे प्लास्टर हे सारे अर्थ पहिल्या शब्दाचे. तो उत्तर युरोपातील नॉर्स भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘फेकणे, टाकणे’ असा आहे. मत पेटीत टाकतात, वितळलेला धातू साच्यात ओततात. अर्थ असा पसरत गेला.

दुसरा ‘कास्ट’ म्हणजे दाखल्यावरील जात. तो पोर्तुगीज ‘कास्ता’ या शब्दावरून आला. कास्ता म्हणजे वंश, वाण. पोर्तुगालमध्ये द्राक्षांच्या वाणाला आजही कास्ता म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्याच किनाऱ्यावर चौल व कोर्लई येथे होते. मुरुड तालुक्यातील कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली अद्याप जिवंत आहे. पगार, चावी, बटाटा हे शब्द मराठीला त्यांच्याच भाषेने दिले. येथील जाती पाहून त्यांनी आपला ‘कास्ता’ हा शब्द त्यांना लावला आणि पुढे इंग्रजांनी तोच उचलला.

आमच्या मते गफलत या नावातच आहे. आंब्याचे वाण वेगळे असतात. माणसांचे तसे नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला. जातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मर्म होय, असे त्यांनी त्यात दाखविले. 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’वरील ग्रंथात त्यांनी वंशभेदाचा सिद्धांतही खोडून काढला : पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार यांच्यात वांशिक भेद तो कोणता?

जात निसर्गाने दिली असती, तर ती राखण्यास बहिष्कार आणि दंड कशाला लागले असते? आपल्याच जिल्ह्यातील महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले, तेव्हा मोडला तो माणसाने घातलेला निर्बंध. निसर्गाचा नियम नव्हे.

पालकहो, अर्जातील ‘कास्ट’च्या रकान्यासमोर मुलाची लेखणी थबकली, तर त्याला एवढे अवश्य सांगावे : हा रकाना तुझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे, तुझ्या वाणाची नव्हे. माणसांनी जे बांधले, ते माणसांना मोडता येते.

जय भीम!