जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

कौलारू घर पावसाळ्यापूर्वी शाकारावयाचे असले म्हणजे जाणती माणसे शिडी लावण्याआधी घरातील धान्य, पोथ्या व अंथरुणे सुरक्षित जागी हलवितात. छपराचे काम चालू असता घर काही काळ उघडे असते, आणि त्याच वेळी वळवाची एखादी सर आली तर नवे कौल बसण्यापूर्वीच जुने धान्य भिजून जाते. जुन्या संगणकाची कार्यप्रणाली बदलण्याचे काम याच जातीचे आहे. आज कित्येक घरांत, शाळांत व मंडळांच्या कार्यालयांत दहा-पंधरा वर्षांचे, मंद व रडतखडत चालणारे संगणक आहेत. त्यांचा जीर्णोद्धार कोणत्या क्रमाने करावा आणि तो क्रम तसाच का असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते निरनिराळे प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभी राहून दोघांचा व्यवहार चालविणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, एखादी फाइल हार्ड डिस्कवर कोठे ठेवली आहे याची नोंद राखणे, प्रिंटरला आज्ञा देणे ही सर्व कामे तीच करते. विंडोज व लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत.

कार्यप्रणालीलाही वय असते. विंडोज एक्स्पी २००१ साली आली आणि तिला मिळणाऱ्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. २००९ साली आलेल्या विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संगणक त्याच दिवशी बंद पडतो असे नव्हे. परंतु त्यानंतर सापडलेली भगदाडे बुजविली जात नाहीत. ज्या संगणकावर बँकेचा व्यवहार व पत्रव्यवहार होतो, त्यावर अशी भगदाडे उघडी ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि नवी कार्यप्रणाली हे सर्व रोगांवरचे औषध नाही. म्हणून प्रथम रोगाची परीक्षा करावी. संगणकाचे घड्याळ दर वेळी मागील एखाद्या वर्षावर जात असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. ही ३ व्होल्टची बॅटरी बहुतेक संगणकांत सीआर २०३२ या क्रमांकाची असते व स्वस्तात मिळते. घड्याळ चुकले की चांगली संकेतस्थळेही उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत तारखेवरून तपासली जाते. काही वेळ चालून संगणक आपोआप बंद पडत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ व त्यामुळे वाढलेली उष्णता यांचा संशय घ्यावा. परंतु हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला किंवा साधी फाइल उघडण्यासही विलक्षण वेळ लागू लागला, तर तो इशारा गंभीर समजावा. हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या सोयीस 'स्मार्ट' असे नाव आहे. तीत निकामी होऊन बदलाव्या लागलेल्या जागांची संख्या वाढत चालली असेल, तर त्या डिस्कचा भरवसा संपला असे समजावे.

या लेखाचे मर्म येथेच आहे. कार्यप्रणाली बसविणे म्हणजे हार्ड डिस्कवर कित्येक गिगाबाइट मजकूर लिहिणे होय. म्हणजे जो अवयव सर्वांत दुबळा असण्याचा संभव, त्याच्याकडूनच आपण सर्वांत जड काम करून घेतो. शिवाय हे करताना डिस्कचे विभाग नव्याने आखले गेले, तर पूर्वीचा मजकूर नाहीसा होतो. कार्यप्रणाली पुन्हा मिळते, डिस्कही बाजारात मिळते. पण आजोबांनी स्वतः टंकित केलेल्या आठवणी, लग्नामुंजीची छायाचित्रे, गणेशोत्सवाचे जमाखर्च, मराठी ग्रंथालयाची सूची या गोष्टी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या मंडळांच्या बाबतीत तर अशा नोंदींची सबंध जगात ती एकच प्रत असू शकते. सबब नियम असा, की आधी प्रत व मग पालट.

या राखीव प्रतीलाच बॅकअप म्हणतात. ती त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवून उपयोग नाही. बाहेरील हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. डिस्क आजारी असल्यास दुरुस्तीचे प्रोग्रॅम आधी चालवू नयेत. सर्वांत मोलाच्या फाइली प्रथम उतरवाव्या, बाकीच्या नंतर. आवाज मोठा असून फाइली दिसतच नसतील, तर संगणक बंद करून तज्ज्ञाकडे न्यावा.

वेळेचा अंदाज साध्या त्रैराशिकाने काढता येतो. समजा, ८० गिगाबाइट मजकूर आहे व जुन्या संगणकातून तो सेकंदास २५ मेगाबाइट या वेगाने उतरतो. ८०,००० भागिले २५ म्हणजे ३,२०० सेकंद, अर्थात सुमारे ५३ मिनिटे. लहान लहान फाइली पुष्कळ असल्यास याहून बराच अधिक वेळ लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक पेन ड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने आखलेले असतात व त्यांत ४ गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. लग्नाचा दीर्घ व्हिडिओ तेथेच अडतो. अशा वेळी एक्सफॅट पद्धतीने आखलेली डिस्क वापरावी.

मराठी मजकुराची एक विशेष अडचण आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव इत्यादी जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइलींत वस्तुतः देवनागरी अक्षरांचे संकेत नसतात. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात व फॉन्ट त्यांस देवनागरी रूप देतो. नव्या कार्यप्रणालीत तो फॉन्ट नसला, की आजोबांच्या आठवणींच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसू लागतात. म्हणून फाइलींबरोबर त्यांचे फॉन्टही जपून ठेवावे, महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रत काढावी, आणि सवडीने तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीस ०९०० ते ०९७फ असे १२८ संकेतांचे स्वतंत्र घर दिले आहे. तेथे 'क' चा संकेत ०९१५ हाच, मग फॉन्ट कोणताही असो.

प्रत घेतली म्हणजे काम संपले असे मानू नये. ती तपासली पाहिजे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या. राखीव प्रतींची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती, हे गरज पडली तेव्हाच उघड झाले. गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिच्यामुळे बराच भाग परत मिळाला. या घटनेतून दोन पाठ मिळतात. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, आणि एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी. म्हणूनच जाणकार सांगतात, की मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, व एक अन्यत्र असावी. आपली प्रत दुसऱ्या संगणकास जोडून प्रत्येक कप्प्यातील चार-दोन फाइली खरोखर उघडून पाहाव्या.

यानंतर कार्यप्रणालीची निवड. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट जागा व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. फार जुन्या संगणकांत ती नसते. अशांसाठी लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले हे काम आज जगभरच्या लोकांच्या हातांनी वाढले आहे व विनामूल्य मिळते. लिनक्स मिंट २ गिगाबाइट रॅम व २० गिगाबाइट जागा असलेल्या यंत्रावरही बसते, मात्र ४ गिगाबाइट रॅम असणे बरे. यंत्र ६४ बिटचे आहे ना, हे आधी पाहावे. डेबियनसारख्या जुन्या प्रतिष्ठित प्रणालीनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय काढून घेतली. विंडोजसाठी केलेले काही जुने मराठी टंकलेखनाचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत, परंतु इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे उपलब्ध आहे.

लिनक्सची एक मोठी सोय अशी, की बहुतेक प्रकार डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. पडदा, आवाज व प्रिंटर ठीक चालतात असे दिसल्यावरच पुढे जावे. मात्र बसविण्याचा पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून राखीव प्रत ज्यावर आहे तो पेन ड्राइव्ह या कामी घेऊ नये. तसेच प्रत्यक्ष बसविताना राखीव डिस्क संगणकापासून काढून दूर ठेवावी, म्हणजे चुकून तीच निवडली जाण्याचे भय उरत नाही. वीज मध्येच जाणार नाही अशी व्यवस्था असावी. डिस्क बदलावयाचीच असेल, तर याच वेळी एसएसडी बसवून घ्यावी. जुन्या यंत्राचा मंदपणा घालविण्यास याहून गुणकारी उपाय क्वचितच असेल. जुनी डिस्क मात्र नव्या व्यवस्थेत सर्व फाइली नीट उघडेपर्यंत तशीच जपून ठेवावी.

हे काम शाळेतील कोणताही समंजस विद्यार्थी घरच्या वडील माणसांच्या संमतीने करू शकेल. परंतु त्याआधी त्याने घरातल्या प्रत्येकास विचारावे, 'या संगणकात तुमचे काय काय आहे?' आईच्या पाककृती, आजीने सांगितलेली व कोणीतरी उतरवून घेतलेली गाणी, वडिलांचे हिशेब यांची यादी तयार होईल. त्या यादीतील प्रत्येक वस्तूची प्रत उघडून पाहिली, की मगच नव्या प्रणालीच्या पहिल्या बटणावर बोट ठेवावे. उतावीळपणाने वाचविलेला एक तास पुढे आयुष्यभराची चुटपुट लावू शकतो. धीराने खर्च केलेला तास मात्र पुढच्या पिढीच्या हाती तिची ठेव सुखरूप देतो.